ट्रुमन नुसते भांडले नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अध्यक्ष एका पक्षाचा आणि कायदेमंडळ विरोधकांच्या ताब्यात, अशा वेळी अध्यक्षाने काय करावं, यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकाने अमेरिकेच्या हॅरी ट्रुमन यांचा १९४८ चा दाखला देऊन ‘विरोधकांना अंगावर घ्या आणि थेट लोकांत जा’ असा सल्ला दिला आहे. दाखला खरा आहे, पण अर्धाच. शाळेत अनेक वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवल्यामुळे उरलेला अर्धा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ट्रुमन डेमोक्रॅटिक पक्षाचे. नोव्हेंबर १९४६ मध्ये विरोधी रिपब्लिकन पक्षाने कायदेमंडळाची दोन्ही सभागृहं जिंकली. आपल्याकडे बहुमत गेलं की मुख्यमंत्री राजीनामा घेऊन राज्यपालांकडे जातो. तिथे मुदत संपेपर्यंत सहसा अध्यक्ष हलत नाही आणि त्याला कायदेमंडळ बरखास्तही करता येत नाही. (त्या कायदेमंडळाचं नाव ‘काँग्रेस’, आपल्याकडे घोटाळा होईल म्हणून मी कायदेमंडळच म्हणतो.) एका घरात दोन चुली, आणि घर सोडून जायची सोय कुणालाच नाही.

ट्रुमन यांनी पहिल्यापासून विषयांची वाटणी केली. युद्धाने मोडलेल्या युरोपला मदत करायची तर पैसा मंजूर करणार विरोधकच. म्हणून त्यांनी सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, रिपब्लिकन आर्थर व्हँडेनबर्ग यांना सुरुवातीपासून बरोबर घेतलं. योजनेला आपलं नाव लागू दिलं नाही, परराष्ट्रमंत्री मार्शल यांचं लावलं. निवडणुकीच्या वर्षात ‘ट्रुमन’ नावाची योजना रिपब्लिकन मंजूर करणार नाहीत, हे ते ओळखून होते. मदतीचा कारभारही स्टुडबेकर मोटार कंपनीचे प्रमुख पॉल हॉफमन या रिपब्लिकन माणसाकडे दिला. मार्च १९४८ मध्ये विरोधकांच्या सिनेटने ही योजना ६९ विरुद्ध १७ मतांनी मंजूर केली. श्रेय वाटून देण्याची ही तयारी लेखात कुठेच नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात अवघड गोष्ट होती.

भांडण त्यांनी घरच्या प्रश्नांसाठी राखून ठेवलं. जून १९४७ मध्ये कामगार संघटनांवर बंधनं घालणारं टाफ्ट-हार्टली विधेयक त्यांनी नाकारलं. तीन दिवसांत दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांशाहून अधिक मतांनी नकाराधिकार उलटवला. कागदावर हा पराभव. पण वर्षभरापूर्वी संपकरी रेल्वे कामगारांना सैन्यात भरती करण्याची धमकी देऊन ट्रुमन यांनी जे कामगार दुखावले होते, त्यांना आपल्या बाजूने कोण उभं राहिलं हे दिसलं.

मग जुलै १९४८. फिलाडेल्फियातल्या आपल्या पक्षाच्या मेळाव्यात रात्री दोनच्या सुमारास अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना त्यांनी कायदेमंडळाचं खास अधिवेशन बोलावत असल्याचं जाहीर केलं. घरं, महागाई, नागरी हक्क यांबद्दल रिपब्लिकन जाहीरनाम्यात जे लिहिलं आहे, ते आता करून दाखवा, एवढीच मागणी. अधिवेशन २६ जुलैला भरलं आणि जेमतेम दोन आठवडेही न चालता जवळपास रिकाम्या हाताने संपलं. त्यांना नेमकं हेच लोकांना दाखवायचं होतं. त्याच २६ जुलैला त्यांनी लष्करातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. सरसेनापती म्हणून तो त्यांच्या स्वतःच्या अधिकारातला होता.

नंतर रेल्वेने हजारो मैलांचा दौरा. त्यातली आयोवा राज्यातल्या डेक्स्टरची सभा आपल्या शेतकरी वाचकांना लगेच कळेल. मक्याचं पीक भरघोस, भाव पडलेला. सरकारी आधारभावाचा लाभ घ्यायचा तर धान्य नीट कोठारात हवं, आणि सरकारी यंत्रणेला नवी कोठारं घ्यायला कायदेमंडळाने त्याच वर्षी मनाई केलेली. ट्रुमन यांनी नांगरटीच्या स्पर्धेला जमलेल्या हजारो शेतकऱ्यांपुढे हाच मुद्दा मांडला. त्या कायद्यावर सही खुद्द त्यांचीच होती, हेही इथे सांगायला हवं. तरीही आधीच्या निवडणुकीत विरोधकांकडे गेलेलं आयोवा त्यांनी जिंकलं, ओहायोही जिंकलं, अध्यक्षपद राखलं, आणि दोन्ही सभागृहं पक्षाकडे परत आणली.

‘अंगावर घ्या’ हा सल्ला एकटाच उचलला तर काय होतं, हे दक्षिण कोरियात नुकतंच दिसलं. एप्रिल २०२४ मध्ये विरोधकांनी संसदेतलं बहुमत राखलं. अध्यक्ष यून सोक-योल यांनी नकाराधिकारांचा सपाटा लावला, आणि ३ डिसेंबरच्या रात्री थेट लष्करी कायदा पुकारला. काही तासांत १९० खासदारांनी सभागृह गाठून तो एकमताने फेटाळला. एप्रिल २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने यून यांना पदावरून दूर केलं. ट्रुमन यांनी विरोधकांना सभागृहात बोलावलं होतं. यून यांनी त्याच सभागृहावर सैनिक पाठवले. या दोघांना ‘आक्रमक अध्यक्ष’ अशा एकाच खणात कुणी टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लेखकाने १९४९ नंतरचा भागही जरूर लिहावा. स्वपक्षाचं बहुमत हाती आल्यावरही ट्रुमन यांना टाफ्ट-हार्टली कायदा रद्द करून घेता आला नाही, राष्ट्रीय आरोग्य विमाही मिळाला नाही. मार्शल योजना मात्र त्यांना विरोधकांच्या कायदेमंडळानेच दिली होती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा