ब्रिटन सोडलेल्या पूर्वजाचा माग

मा. संपादक महोदय,

ब्रिटनमधून कॅनडाला गेलेल्या पूर्वजाचा शोध बहुतेक जण नावापासून सुरू करतात. पण नोंद करणाऱ्याने जसे ऐकले तसे लिहिल्यामुळे पुष्कळदा नावच आधी दगा देते. वय, व्यवसाय आणि सहप्रवासी यांची खूण अधिक भरवशाची. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात १८९० ते १९६० या काळात ब्रिटिश बंदरांतून निघालेल्यांच्या, तर कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात क्वेबेकला उतरलेल्यांच्या १८६५पासूनच्या याद्या आहेत. त्या परस्परांशी ताडून पाहाव्यात. १८६९नंतर एक लाखाच्या आसपास मुले पालकांविना तिकडे पाठवली गेली आणि त्यांतील अनेकांनी ही गोष्ट आयुष्यभर घरातही उच्चारली नाही. अशा वेळी, मिळाल्यास, पाठवणाऱ्या संस्थेचे दप्तर जहाजाच्या यादीपेक्षा अधिक बोलते.

आपला,
एक वाचक