व्हेंटिलेटरचा फोटो छापलात, सिस्टरचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या व्हेंटिलेटरमुळे अपघातग्रस्त तरुणाला जीवदान मिळाल्याची कालची बातमी वाचली. फोटोत यंत्र आहे, डॉक्टर आहेत, फीत कापणारे आमदार तर आहेतच. सिस्टर नाहीत. बहुधा तेव्हा त्या कुणाचं तरी सक्शन करत, म्हणजे नळीनं कफ ओढून काढत असाव्यात.

तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार, जबडा दोन ठिकाणी मोडलेला, तोंड इतकं सुजलेलं की आईनं ओळखलंच नाही. गळ्याला छेद देऊन श्वासासाठी थेट श्वासनलिकेत ट्रॅकिओस्टॉमीची नळी घातली. शुद्ध नाही, खोकायची ताकद नाही. म्हणजे कफ दुसऱ्यानं काढायचा. तो सिस्टर काढायच्या. आधी ऑक्सिजन वाढवायचा, मग सक्शनची नळी आत, १०-१५ सेकंदांत बाहेर. जास्त रेंगाळलं तर ऑक्सिजन उतरतो आणि मेंदूवरचा दाब चढतो, हे त्यांनीच सांगितलं. नळी जागेवर धरणारी मानेची फीतसुद्धा खाली बोट जाईल इतकीच आवळायची.

चौथ्या रात्री तीनच्या सुमारास गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मला वाटलं घोरतोय. सिस्टर वॉर्डच्या पार दुसऱ्या टोकाला सलाईन बदलत होत्या. तिथून ऐकून धावत आल्या. नळीच्या आतली नळी फिरवून काढली, तर कफ सुकून बूच बसलेलं. दुसरी घातली, सक्शन केलं, ओठांचा निळेपणा हळूहळू गेला. केसपेपरवर या सगळ्याची एक ओळ.

त्या रात्री ३२ रुग्णांना त्या एकट्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अतिदक्षता विभागात खाटेमागे एक परिचारिका हवी. पण आयसीयूत खाट नव्हती म्हणून भाऊ साध्या वॉर्डात. साध्या वॉर्डात आणलं की कफही साधा होत असावा! शेवटी सक्शन करायला माझ्या भावजयीला शिकवलं. ती दहावी नापास आहे, पण शिकली.

आणि हो, त्याच पानावर खाली युवा नेत्याच्या दुचाकी रॅलीचा फोटो आहे. मी मोजलं : १९ डोकी, हेल्मेट एकही नाही. खाली ओळ काय, तर तरुणाईचा उत्साह! मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ नेत्याला नसेल, निदान तुमच्या उपसंपादकाला तरी ठाऊक असावं.

कळावे,
एक जुना वाचक, तासगाव