राजमा का शिजला नाही

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. दोन तास आच देऊन गाजरांचा लगदा झाला, तरी राजमा दाताखाली कडकच, हे वाचून फार वाईट वाटलं. काकू आजारातून उठल्यात म्हणून किती हौसेने केलं होतंस ते सूप! पण हात बिघडला वगैरे काही मनात आणू नकोस. चुकली ती फक्त टोमॅटो घालायची वेळ.

कांद्याबरोबरच टोमॅटो घातलास ना? तिथेच अडलं. दाण्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि आंबट पाण्यात ते पेक्टिन लवकर सुटत नाही. मग कितीही उकळ, दाणा दाद देत नाही. बटाट्याचंही थोडंफार असंच असतं. म्हणून राजमा पुरता मऊ होईपर्यंत टोमॅटो भांड्याबाहेर.

आदल्या रात्री 200 ग्रॅम पांढरा राजमा एक लिटर पाण्यात भिजव आणि त्या पाण्यात एक मोठा चमचा मीठ घाल. मिठाने दाणे कडक होतात असं आपण ऐकत आलोय, पण भिजवणीतलं मीठ उलट साल मऊ करतं; सालीतल्या कॅल्शियमची जागा सोडियम घेतं. सकाळी ते पाणी ओतून दे, दाणे धुऊन ताज्या पाण्यात टाक आणि आधी किमान 10 मिनिटं खळखळून उकळ. यात कसूर करू नकोस. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, लाल राजम्यात तर फारच. त्याने उलट्या-जुलाब होतात, आणि नुसत्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवून ते जात नाही. अर्धकच्चे दाणे काकूंना दिले नाहीस, ते फार बरं केलंस.

मग आच कमी कर आणि शिजू दे. घड्याळापेक्षा दाण्याकडे बघ. चमच्यात दोन-चार दाणे घेऊन फुंकर मारायची. साल सुटून कागदासारखी वर वळली की दाणा शिजत आला. मग एक तोंडात घालून जिभेने टाळूवर दाब. मध्ये खडा न लागता पसरला पाहिजे. राजमा जुना असेल तर वेळ लागतोच, तेव्हा चिमूटभर खायचा सोडा घाल. जास्त घातलास तर साबणासारखी चव येते. शिजवलेलं पाणी मात्र फेकू नकोस, सगळा दाटपणा त्यात आहे.

दुसरीकडे जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर कांदा आणि गाजर बारीक चिरून, मिठाची चिमूट घालून मंद आचेवर चांगली 15 मिनिटं परत. इथे घाई केलीस तर पुढे कितीही मसाले घाल, सूप पाणचट लागतं. कांदा पारदर्शक होऊन गोडसर वास सुटला की ठेचलेला लसूण घाल, मिनिटभर हलव. मग बटाट्याच्या फोडी, तमालपत्र, राजमा आणि त्याचं पाणी.

बटाटा मऊ झाला की टोमॅटो. मी तो छोट्या कढईत तेल सुटेपर्यंत वेगळा परतून घेते, म्हणजे कच्चटपणा राहत नाही. फरसबी आणि कोबी त्याच वेळी घाल, दहा मिनिटं उकळू दे. वाटीभर राजमा चमच्याच्या पाठीने ठेचून परत सोड, म्हणजे सूप अंगचंच दाट होतं. पिठाची, सायीची गरज लागत नाही. पालक अगदी शेवटी, दोन मिनिटं. मिरी ताजी कुटून, आणि गॅस बंद केल्यावर लिंबू.

उरलं तर पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेव. तीन दिवस सहज टिकतं. मला तर ते दुसऱ्या दिवशीच जास्त आवडतं. रात्रीतून आळून येतं, थोडं गरम पाणी घालून सैल करावं लागतं. काकूंना दाण्यांची सालं जड जात असतील तर त्यांच्या वाटीपुरतं घोटून गाळून दे.

रविवारी पुन्हा कर. फुंकर मारल्यावर साल वळली का, ते आधी कळव, बाकीचं मग लिही. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
नीला