सूचना: रविवारी एडिटिंग शिकायला येताना

मंडळी, रविवारी सकाळी नेहमीच्या जागी बसतोय, फोन फुल चार्ज करून आणा आणि स्नॅपसीड हे फोटो एडिटिंगचं ॲप घरीच टाकून ठेवा, फुकट आहे. फोटो मात्र व्हॉट्सॲपवरून आलेला नको, तो दाबून लहान झालेला असतो, मग ब्राइटनेस वाढवला की नुसते ठिपके. ओरिजिनलच हवा, कुणाकडून मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मागच्या वेळी सगळे डायरेक्ट फिल्टरवर तुटून पडले होते 😄 यावेळी आधी क्रॉप, वाकडी क्षितिजरेषा सरळ, मग सिलेक्टिव्ह, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच बदलायचं टूल. त्यात चेहऱ्यावर बोट टेकवायचं, दोन बोटांनी गोल लहान करायचा आणि बोट उजवीकडे सरकवायचं, फक्त चेहरा उजळतो, मागचं आकाश पांढरंफटक होत नाही. मधेमधे फोटो दाबून धरला की आधीचा दिसतो, तेव्हा कळतं आपण किती अति केलंय ते.

बॅनरवाल्यांनी कॅनव्हात (बॅनर बनवायचं ॲप) मुक्ता फॉन्ट घ्या, जोडाक्षरं नीट येतात. एका बॅनरवर दोनच फॉन्ट, प्लीज! आणि ए४ छापायचं असेल तर साइज २४८० बाय ३५०८ पिक्सेल, स्क्रीनशॉट पाठवू नका, प्रेसवाला परत पाठवतो.