माझ्या भावाला रागावल्याबद्दल

मावशी,

कोणी रागावलं म्हणून त्याचे आभार मानल्याचं मी तरी कधी ऐकलेलं नाही. पण दिवाळीच्या तोंडावर आमच्या अंगणात उभं राहून तुम्ही लहान्याला जे झाडलंत, त्याला आता दोन महिने होत आले, तरी आठवलं की गळा दाटतोच. नाव लिहू नको म्हणालात, लिहीत नाही. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्रा तोडणाऱ्या टोळ्या आणि त्यांच्या मुकादम बाया काही थोड्या नाहीत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पत्र तुमची नात वाचून दाखवील, तिला म्हणावं भराभर वाचू नको.

लहाना २४ वर्षांचा आहे. कागदावर तो 'बौद्धिक दिव्यांग'. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगांचे प्रकार ७ चे २१ केले, पण आमच्या गावाच्या यादीत अजून एकच शब्द आहे, 'येडं'. तालुक्याच्या विशेष शाळेत तो खडू करायला शिकला, मेणबत्त्या करायला शिकला. १८ पूर्ण झाले तसा दाखला हातात आला आणि 'आता घरी घेऊन जा.' घरी नेऊन त्यानं काय करायचं, मेणबत्त्या खेड्यात घेणार कोण, हे सांगायला कोणी थांबलं नाही. नंतर तो ओसरीवर बसला तो ६ वर्षं. समोरून जाणाऱ्या एसट्या मोजायचा.

सर्टिफिकेटसाठी आईनं त्याला ३ वेळा जिल्ह्याच्या गावाला नेलं. तिथं एका साहेबानं त्याच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. आईला विचारलं, 'हा चावतो का?' आई हे सांगताना हसते. मला अजून हसता आलेलं नाही.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू, मीही त्यातलीच. माझ्या लग्नाच्या दिवशी आम्ही त्याला चुलतमामाच्या घरी ठेवलं होतं. वरातीत गोंधळ नको म्हणून. त्याला नवा शर्ट घेतला होता, तो घालून तो दिवसभर मामाच्या दारात बसला होता, असं मला वर्षभरानं कळलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आणि तुम्ही काय केलंत? शेजारच्या बागेत आंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडा सुरू झाला, हा कुंपणाशी जाऊन उभा राहिला. बागेचा मालक हाकलायला निघाला होता. तुम्ही लांबूनच हाक मारलीत, "उभा काय राह्यला रे? ये इकडं. चुरी येच."

संत्र्याच्या भागात जे राहत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, चुरी म्हणजे बारीक फळ, भावात न बसणारं. आई कधीकधी फार थकली की म्हणायची, 'माह्या वाट्याले चुरी आली.' म्हणून तुम्ही त्याला नेमकं तेच काम दिलंत हे ऐकून मी आधी चिडले होते. मग एक दिवस येऊन पाहिलं. एकदा नजर बसली की याच्या हातून चूक होत नाही. देठाची टिकली न राहता ओढून तोडलेलं फळ कॅरेटमध्ये सडतं आणि आजूबाजूची नासवतं. तसलं फळ तो ढिगातून बरोबर काढतो. ६ वर्षं एसट्या मोजल्या त्यानं, तासन् तास एकाच गोष्टीकडे पाहत बसायची सवय त्याला आहेच. तुमच्या टोळीतल्या बायका दुपारी डब्बे उघडतात तेव्हा कोणाच्या डब्यात काय आहे हेही तो न चुकता सांगतो. त्यावरून तुम्ही त्याला 'चौकीदार' म्हणता, हेही कळलंय.

मजुरी तुम्ही पहिल्या दिवशीच उघड बोललात. "अर्धं काम, अर्धी मजुरी. पुरं करशीन तं पुरी." माझ्या नवऱ्याला हे पटलं नाही, गरिबाचा फायदा घेतात म्हणाला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण पैसे तुम्ही आईच्या हातात दिले नाहीत, माझ्याही नाही. त्याच्या तळहातावर एकेक नोट ठेवत मोजून दिल्यात. निराधार योजनेचे पैसे खात्यात येतात, १५०० चे आता २५०० झाले. ते त्याला कधी दिसले नाहीत. तुमच्या नोटा त्यानं उशीखाली ठेवल्या.

आता त्या संध्याकाळचं.

मी मुलांना घेऊन माहेरी आले होते, पाहुणे येणार होते, म्हणून आईनं त्याला दोन दिवस कामावर जाऊ दिलं नाही. तुम्ही फाटक ढकलून आलात. डोक्याला फडकं, हात सालीच्या तेलानं काळे. मला वाटलं उसने-पासने मागायला आल्या असतील. माफ करा, असंच वाटलं.

"काऊन रे, दोन रोज झाले, कुठी होता?"

आई मधे पडली, "अवं बाई, त्याले काय समजते..."

"तुमाले नाही इचारलं. याले इचारलं." आणि मग त्याच्याकडे वळून, "काल गाडी भरायची होती. चुरी कोन येचन, मी? माहे हात किती? यायचं नाही तं आदल्या रोजी सांगा लागते. उद्या सातले नाही आला तं दुसरा पोट्टा पाहतो मी."

तो खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "येतो."

"मंग ये." एवढं बोलून तुम्ही चहालाही न थांबता गेलात.

आई आत गेली. मला वाटलं, परक्या बाईनं दारात येऊन लेकाला बोललं ते तिला लागलं. जाऊन पाहते तर चुलीपुढं पदर तोंडात धरून बसलेली. म्हणाली, "त्याची कोनी वाट पाह्यली वं आज."

२४ वर्षांत त्याला लोकांनी खाऊ दिला, जुने कपडे दिले, देवळात पहिल्या रांगेत बसवून फोटोही काढला. तो आला नाही म्हणून कोणाचं काम अडलं, असं एकदाही झालं नव्हतं.

आमचे मामा दर भेटीत सांगतात, वझ्झरला नेऊन ठेवा. परतवाड्याजवळच्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर आमच्याच जिल्ह्याचे. टाकून दिलेल्या दिव्यांग लेकरांना त्यांनी स्वतःचं नाव दिलं, वाढवलं, लग्नं लावून दिली. १८ झाली म्हणून या मुलांना बाहेर काढू नका, हे ते किती वर्षं सरकारला सांगत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले. त्यांच्यापुढे हात जोडावेत तेवढे थोडे. पण वझ्झर बेवारस लेकरांसाठी आहे, मामा. आमचा लहाना बेवारस नाही, त्याला गाव आहे. गावालाच ते ठाऊक नव्हतं. आणि दर गावाला एक शंकरबाबा कुठून आणायचे? मला वाटतं दर गावाला एक मुकादम मावशी मात्र असतेच, भाजी निवडत बसलेली, कोणाला तरी 'सरक तिकडं' म्हणत जागा करून देणारी. तिला कोणी पेढे देत नाही.

आईनंतर याचा पालक कोण, त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करता येतो. तो आम्ही केला आहे, माझं नाव घातलंय. अर्जात पुष्कळ रकाने आहेत. तो दिसला नाही तर विचारायला कोण येईल, हा रकाना नाही. असता तर तुमचं नाव तुम्हाला न विचारता लिहिलं असतं.

एक काम आहे, मावशी. आंबियाचा तोडा संपला, पुढच्या म्हणजे मृग बहाराचं फळ निघायला अजून वेळ आहे, हे त्याला पटत नाहीये. रोज सकाळी सातला डब्बा घेऊन फाटकाशी उभा राहतो. आईनं सांगून पाहिलं, मी फोनवर सांगितलं. आमचं तो ऐकत नाही. तुम्हीच एकदा घराकडून या आणि सुट्टी आहे म्हणून सांगा. जरा रागावूनच सांगा.

तुमची,
लहान्याची मोठी बहीण