पिस्तुलाबद्दल विचारलेत म्हणून

प्लेनो, टेक्सास

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे, जेवणखाण वेळेवर होते, कामही ठीक चालले आहे. तेव्हा थेट तुमच्या काळजीकडे वळतो. मागच्या रविवारी मी सहकाऱ्याच्या घरून व्हिडिओ फोन केला तेव्हा त्याच्या कमरेचे पिस्तूल आईला दिसले आणि तेव्हापासून तुम्हा दोघांच्या डोळ्याला डोळा नाही, असे ताईने कळवले.

माझ्याकडे पिस्तूल नाही आणि मला ते घेताही येणार नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्या वाटेला जाण्याची मला इच्छाही नाही. त्या सहकाऱ्यासोबत बंदुकांच्या दुकानात गेलो होतो तेव्हासुद्धा काउंटरवरच्या एकाही पिस्तुलाला मी हात लावला नाही, हे आईला नीट सांगा.

बाबा, तुमचे म्हणणे मला समजते. आपल्या ठाणे शहरात बारा बोअरची बंदूक दिसते ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराकडे. परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयाच्या खेपा घालाव्या लागतात, निवडणूक लागली की बऱ्याच परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, आणि सणासुदीला मनाई आदेश निघाला की त्यात लाठ्याकाठ्यांचाही उल्लेख असतो. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या २१ वर्षांवरील माणसाला पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. त्यामुळे ते मिळेल की नाही हा विचार इथे कुणी करत बसत नाही; रोज अंगावर वागवता येईल असे कोणते, यावरच सगळा खल चालतो.

तो खल मी त्या दुकानात ऐकला. विक्रेत्याने प्रत्येक पिस्तूल देण्याआधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढले, वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून अडकवली, नळीच्या मागच्या टोकाशी, जिथे गोळी बसते तिथे, गोळी नाही हे आधी डोळ्यांनी आणि मग बोट घालून पाहिले आणि नंतरच ते पुढे केले. सहकाऱ्यानेही हातात आल्यावर तेच सगळे पुन्हा केले. इथला उन्हाळा नागपूरसारखा असल्याने अंगात पातळ सदराच असतो, आणि मोठे पिस्तूल त्याखाली लपत नाही, गाडीत बसले की बरगडीत रुतते. ग्लॉक १९ हे मध्यम आकाराचे पिस्तूल सुमारे ६०० ग्रॅमचे, आणि गोळ्या भरल्यावर त्याहून जड. म्हणून २०१८ साली आलेल्या सिग पी३६५ या छोट्या पिस्तुलाकडे पुष्कळ लोक वळले, कारण एवढ्या लहान अंगाच्या पिस्तुलात दहा गोळ्यांचे मॅगझिन तोवर सहसा मिळत नसे. स्मिथ अँड वेसनची आखूड नळीची पाच गोळ्यांची काही रिव्हॉल्व्हर त्याहूनही हलकी असतात. पण शस्त्र जितके लहान आणि हलके, तितका त्याचा झटका हाताला जास्त लागतो आणि नेमही चटकन चुकतो. खिशाला सोयीचे आणि हाताला सोयीचे यांचा मेळ ज्याचा त्यानेच घालावा लागतो, आणि तो सराव केल्याशिवाय बसत नाही, असे सहकारी म्हणाला. त्याने पिस्तुलापेक्षा जास्त वेळ होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचे म्यान, निवडण्यात घालवला, कारण चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर नसेल तर कपड्याचा किंवा किल्लीचा अडथळा येऊनही गोळी सुटू शकते. घरी लहान मुले आहेत म्हणून त्याने आधी तिजोरी आणली, मग शस्त्र. शाळेत, न्यायालयात आणि मुख्यतः दारूवर चालणाऱ्या बारमध्ये ते नेता येत नाही, आणि दुकानदाराने दारावर तशी पाटी लावली असेल तरीही नाही. हे पाहिल्यापासून त्याच्या शेजारी बसायला मला भीती वाटत नाही.

आता माझ्या खिशातल्या चाकूबद्दल. तो व्हिक्टोरिनॉक्सचा, मिटल्यावर ५८ मिलिमीटरचा, बोटाएवढा लहान चाकू आहे; त्यात कात्री, कानस, चिमटा आणि दात कोरायची काडी आहे. पाते उघडल्यावर जागी अडकून बसत नाही, म्हणून त्याने जोर लावायचा नसतो. खोक्यांची चिकटपट्टी आणि आंब्याच्या लोणच्याचे पाकीट मात्र सहज कापले जाते. इथले लोक पाते अडकणारा, एका हाताने उघडणारा आणि खिशाच्या कडेला क्लिपने लागणारा चाकू पसंत करतात. साडेपाच इंचांपर्यंतच्या पात्याला टेक्सासात फारशी आडकाठी नाही, पण मला त्याची गरज वाटत नाही. कुणावर उगारायची वेळ आली तर तिथून निघून जाणे हाच माझा बेत आहे, आणि बाबा, तुम्हीच तो शिकवला आहे.

खरे सांगायचे तर मला तुमचीच काळजी जास्त वाटते. रात्री दहानंतर स्टेशनवरून एकटे येऊ नका. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला मी नव्हतो, ताईनेच सगळे निभावले, आणि ते मनातून जात नाही. घोडबंदरच्या फ्लॅटचा या महिन्याचा हप्ता भरला आहे; शिवाय वेगळे पैसे पाठवले आहेत, त्यातून दाराला सुरक्षा जाळी बसवून घ्या आणि उरलेले ताईला द्या, ती मागणार नाही.

आत्याने आणलेल्या ऐरोलीच्या स्थळाबद्दल तुम्ही विचारलेत. टेक्सास सुरक्षित आहे का, असे त्या मंडळींनी विचारले हे मला आवडले. त्यांना सांगा की इथे बंदुका खूप आहेत हे खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. माझ्या घरात एकही नाही आणि येणारही नाही. मुलीला स्वतःला माझ्याशी बोलायचे असेल तर शनिवारी आपल्याकडच्या सकाळी मी मोकळा असतो. रजा मिळाली तर दिवाळीत येईन, पण तारीख पक्की होईपर्यंत आत्याला काही कबूल करू नका. बाबांसाठी असाच एक छोटा चाकू आणीन, तो चेक-इन सामानात ठेवावा लागतो.

तुमचा,
मंदार