बाबांची किटली आणि माझी किटली

सॉल्ट लेक सिटी,
रविवार, रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर सांगितलं की त्या कंपनीने देऊ केलेल्या नोकरीला मी नकार कळवला, आणि तुमच्याकडे एकदम शांतता पसरली. आई, तू म्हणालीस, "तुला पटेल तसं कर गं." बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत, चष्मा पुसत बसलात. तेव्हापासून मनात तेच घोळतंय. मला इथे येऊन सोळा वर्षं झाली. आई सगळ्यांना सांगते, "आमची धाकटी कॉम्प्युटरची प्रोफेसर आहे," पण मी रोज नेमकं काय करते हे मी तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही. जेवण, हवा, गोळ्या घेतल्या का, यातच फोन संपतो. म्हणून पत्र लिहायला बसले. अक्षर मोठं ठेवलंय बाबा, डोळ्यांना ताण देऊ नका.

तुमच्या चित्रकलेच्या वर्गापासूनच सुरुवात करते. शाळेच्या वरच्या मजल्यावरची ती खोली, एलिमेंटरीच्या मुलांसाठी तुम्ही सकाळी सातला घ्यायचा तो जादा तास. टेबलावर निळं कापड, त्यावर शिपाईमामांकडून मागून आणलेली ॲल्युमिनियमची चहाची किटली, पोटाला पोचा पडलेली, शेजारी एक कप आणि दोन कांदे. वस्तुचित्र. मी किटलीभोवती ठसठशीत काळी रेघ ओढली होती. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात, खोडरबर घेतलं आणि ती सगळी रेघ पुसून टाकलीत. "रेघ कुठे दिसतेय तुला? उजेड संपतो तिथे कड असते." मग पेन्सिलीच्या टोकाने किटलीचं बूड दाखवलंत. अंधाऱ्या बाजूला, अगदी खाली, कापडाचा निळा रंग चढला होता. त्याआधी मला तो दिसलाच नव्हता, आणि दिसल्यावर नजर हटेना. सगळ्यात जास्त चमकणारा ठिपका मात्र शेवटपर्यंत कोरा ठेवायचा, कागदाचाच पांढरा, हे तुम्ही इतक्या वेळा सांगायचात की वर्गातली मुलं तुमच्या आधीच म्हणायची.

बाबा, माझं काम म्हणजे हेच. कॉम्प्युटरला डोळे नसतात. त्याच्याजवळ नुसते आकडे: किटली इथे, खिडकी तिथे, कापड या रंगाचं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यापाशी किती उजेड आणि कुठला रंग येईल, ते गणिताने काढायचं. कापडावरून उडून किटलीच्या बुडाला लागलेला निळासुद्धा.

आणि खरं सांगू, या विषयाची सगळ्यात प्रसिद्ध वस्तू एक किटलीच आहे. ती इथल्याच, म्हणजे आमच्या युटा विद्यापीठातली. १९७५ च्या सुमाराला मार्टिन न्यूएल नावाचे संशोधक इथे पीएचडी करत होते. प्रयोगासाठी त्यांना एखादी साधी घरगुती वस्तू हवी होती. घरी चहा घेताना त्यांची बायको सँड्रा म्हणाली, ही किटलीच घे की. गावातल्या दुकानातून आणलेली पांढरी मेलिटा किटली. न्यूएलनी आलेख कागदावर पेन्सिलीने तिची बाजू रेखाटली आणि त्या वक्ररेषांचे आकडे कॉम्प्युटरला दिले. अठ्ठावीस वक्र तुकडे. बूड केलंच नव्हतं, कारण ते कोणाला दिसणार होतं! ते पुढे कोणीतरी जोडलं आणि तुकडे बत्तीस झाले. तिच्या तोटीची सावली तिच्याच पोटावर पडते, कानात भोक असतं, पोट गोल असून झाकणाला कंगोरा असतो. म्हणजे उजेडाच्या जितक्या गमती तितक्या एका वस्तूत. म्हणूनच तुम्हीही टेबलावर किटलीच ठेवायचात ना? न्यूएलची खरी किटली आता कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये काचेत आहे. मी ती पाहिली तेव्हा मला शिपाईमामांची किटली आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं.

आमचा हा कॉम्प्युटरचा विभाग उभा केला डेव्हिड इव्हान्स यांनी, साठच्या दशकात. ते याच गावचे. १९६८ मध्ये त्यांनी आयव्हन सदरलँड यांना इथे आणलं. सदरलँडनी १९६३ मध्येच पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने चित्र काढता येईल असा प्रोग्रॅम लिहिला होता. या दोघांभोवती जी मुलं जमली त्यांची नावं आज सगळं जग घेतं: अडोबी कंपनी काढणारे जॉन वॉर्नॉक, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनी काढणारे जिम क्लार्क, पिक्सार ही ॲनिमेशनपटांची कंपनी उभी करणाऱ्यांतले एड कॅटमल. कॅटमलनी १९७२ मध्ये स्वतःच्या डाव्या हाताचा प्लॅस्टरचा साचा घेऊन त्यावर रेघा आखल्या आणि तो हात पडद्यावर हलवून दाखवला. आँरी गुरो नावाच्या फ्रेंच विद्यार्थ्याने बायकोच्या चेहऱ्यावर रेघा आखून मापं घेतली. सदरलँडच्या बायकोची फोक्सवॅगन गाडी तर विद्यार्थ्यांनी ठिपके मारून मोजली. हाताशी जे असेल त्यावरून शिकायचं, अगदी तुमच्या कांद्यांसारखं.

पण मला या सगळ्यांत जवळचा वाटतो तो बुई तुआँग फाँग. हनोईत जन्मलेला, फ्रान्समार्गे १९७१ मध्ये इथे आलेला. (व्हिएतनाममध्ये आडनाव आधी लावतात, त्यामुळे जग ज्याला आडनाव समजून 'फाँग' म्हणतं ते खरं त्याच्या नावातलं आहे.) त्याच्या आधी गुरोची पद्धत होती. कॉम्प्युटर गोल वस्तू छोट्या सपाट तुकड्यांनी बनवतो. गुरो प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवरचा उजेड काढायचा आणि मधे तो पसरवायचा. सुंदर दिसायचं, पण चमकणारा ठिपका तुकड्याच्या मधोमध पडला तर तो नाहीसाच व्हायचा. फाँगने उजेड पसरवला नाही, दिशा पसरवली. म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते ठिपक्यागणिक काढलं, आणि मग उजेड मोजला. ठिपका जिथे हवा तिथेच आला. शिवाय त्याने उजेडाचे तीन भाग केले: खोलीत सगळीकडे असलेला, वस्तूवर पडून मऊ पसरणारा, आणि चमक. बाबा, तुम्ही फळ्यावर जे तीन गोल काढायचात, तेच. १९७३ मध्ये त्याची पीएचडी झाली, स्टॅनफर्डला शिकवायला गेला, आणि १९७५ मध्ये कर्करोगाने गेला. बत्तीस वर्षांचा होता. त्याचा महत्त्वाचा लेख त्याच वर्षी छापून आला. पुढे कित्येक वर्षं व्हिडिओ गेममधला जवळपास प्रत्येक चकाकता गोळा त्याच्या किंवा त्यावरून बेतलेल्या सूत्राने चकाकला. मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात हे सूत्र शिकवते आणि त्याचं पूर्ण नाव फळ्यावर लिहिते.

आता आई, तुझ्याकडे वळते. फाँगचं सूत्र किटलीला चालतं, माणसाला नाही. त्याने चेहरा काढला तर तो प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखा दिसतो, कारण त्वचेवर पडलेला उजेड तिथून लगेच परतत नाही. तो आत शिरतो, इकडेतिकडे भटकतो आणि दुसऱ्याच ठिकाणाहून बाहेर येतो. तू संध्याकाळी देवघरातून तुळशीकडे निरांजन नेतेस, वारा लागू नये म्हणून हाताचा आडोसा धरतेस, तेव्हा तुझ्या बोटांच्या कडा लालसर उजळतात. ते हेच. दुधाचंही तसंच. साय काढलेलं दूध निळसर आणि सायीचं पिवळसर का दिसतं, हे तुला न सांगता ठाऊक आहे. आम्हाला त्यासाठी समीकरण लागलं. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या चौघांनी, हेन्रिक वान येन्सन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहन यांनी, हे गणित आवाक्यात आणलं. त्यांच्या लेखात दुधाचं चित्र होतं. तोवर कॉम्प्युटरमधलं दूध पांढऱ्या रंगाच्या डब्यासारखं दिसायचं. त्यांच्यापैकी तिघांना २००४ मध्ये यासाठी ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

या हॅनरहनबद्दल थोडं सांगते, कारण माझा निर्णय त्यांच्याशी जोडलेला आहे. त्यांची पीएचडी जैवभौतिकीतली. पिक्सारमध्ये होते, तिथे सिनेमांसाठी वापरली जाणारी रेंडरमॅन ही व्यवस्था बांधण्यात त्यांचा मोठा वाटा. आणि नंतर ते शिकवायला गेले, आधी प्रिन्सटन, मग स्टॅनफर्ड. तिथे त्यांच्या हाताखाली इयन बक नावाचा विद्यार्थी होता. गेमसाठी बनवलेल्या चिपवर इतर गणितंही करून घेता येतील, हे काम त्याने तिथे केलं आणि तेच पुढे एन्व्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीत कूडा या नावाने वाढवलं. आज ज्या एआयबद्दल दादा तुम्हाला रोज ऐकवतो, ते त्याच वाटेने आलंय. कंपनीत तीन महिन्यांनी हिशेब द्यायचा असतो. विद्यापीठात एखादं पोर चार वर्षं एकाच प्रश्नाला धरून बसू शकतं.

माझा प्रश्न आहे आपली त्वचा. सिनेमातली माणसं घडवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्वचा म्हणजे तो आतून उजळणारा गोरा गुलाबी रंग असंच धरलं. येल विद्यापीठाचे थिओडोर किम यांनी २०२० मध्ये याबद्दल जाहीर लिहिलं आणि बऱ्याच जणांना ते झोंबलं. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त, ते आतला उजेड शोषून घेतं, त्यामुळे तिथे वरची चमक महत्त्वाची ठरते. गोऱ्या त्वचेसाठी जुळवलेलं सूत्र नुसतं गडद केलं की चेहरा मातकट, निर्जीव होतो. आई, मागच्या दिवाळीत तुला खिडकीपाशी अर्धा तास बसवून मी तुझ्या हातांचे फोटो काढत होते, कॅमेऱ्यापुढची एक काच पुन्हा पुन्हा फिरवत होते, आणि तू चिडलीस की पुरणाचं तसंच राहिलंय. ती काच फिरवली की वरची चमक बरीचशी जाते आणि मुख्यतः आतून आलेला उजेड उरतो. चमक असलेला आणि नसलेला, हे दोन्ही फोटो एकमेकांतून वजा करायचे, म्हणजे चमक वेगळी काढता येते. तुझ्या मनगटावरचा बांगडीचा फिकट वळ, तेलाने चमकणारी नखं, सगळं माझ्याकडे आकड्यांत आहे. गेले चार महिने मी त्यावर काम करतेय.

कंपनीत गेले असते तर हे थांबलं असतं. पगार इथल्या अडीचपट होता, हे आईला सांगितलंच आहे. पण दोन वर्षं काहीही छापायचं नाही अशी अट होती, आणि काम त्यांच्या नव्या कॉम्प्युटर-चष्म्यासाठी. शिवाय माझ्याकडे सध्या चार मुलं पीएचडी करतायत. त्यातली एक इथल्याच खेड्यातली, वडील ट्रॅक्टर दुरुस्त करतात, घरातून विद्यापीठात आलेली पहिलीच. मागच्या महिन्यात तिने तिचं चित्र दाखवलं. मी म्हटलं, सावलीच्या कडेला तांबूस कमी पडतोय. तिने तपासलं, तर गणितात खरोखर एक चूक निघाली. तिने विचारलं, तुम्हाला नुसतं बघून कसं कळलं? मी तिला तुमच्या तासाबद्दल सांगितलं, बाबा. पोचा, कांदे, निळं कापड, सगळं. तिला मी अधेमधे सोडून जाऊ शकत नाही.

एक गोष्ट राहून गेलीय, ती आज लिहितेच. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी आले नाही. जानेवारीत आमच्या विषयाच्या सिग्राफ परिषदेसाठी लेख पाठवायचा असतो, आणि त्या वर्षी माझी नोकरी कायम होणार की नाही हे त्या लेखावर अवलंबून होतं. लेख नापास झाला. नोकरी कायम झाली ती पुढच्या वर्षी, दुसऱ्या लेखावर. दादा एकटा सगळं बघत होता आणि मी इथे रात्री दोनला आलेख काढत होते. त्याची टोचणी अजून गेलेली नाही. पट्टी काढल्यावर तुम्ही फोनवर म्हणालात, "अगं, भिंत पांढरी आहे! मला वाटायचं रंग पिवळा पडलाय." आणि त्याआधी वर्षभर सांगत होतात की रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडं दिसतं. ते कडं म्हणजे गढुळलेल्या भिंगात भटकणारा उजेडच, दुधातल्यासारखा. पिवळेपणाही त्या भिंगाचाच, निळा तेच गिळत होतं. तुमची दोन्ही वाक्यं मी वर्गात सांगते. पण ती मी तिथे, तुमच्या शेजारी बसून ऐकायला हवी होती.

म्हणून हेही ठरवलंय. मे ते ऑगस्ट मला तास नसतात. १० जूनला येतेय, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहीन. आईच्या गुडघ्याचं जे काय ठरेल ते तेव्हाच करू, मी आहे. लॅपटॉपवर काम चालतं, नेट दादाकडून घेईन.

बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेत ती किटली अजून असेल. शाळा सोडताना शिपाईमामांनी तुम्हाला दिली होती ती. काढून ठेवाल का? वरच्या खोलीतल्या पूर्वेच्या खिडकीपाशी ठेवून सकाळी सातच्या उजेडात मला तिची मापं घ्यायची आहेत, आणि त्याच वेळी तुम्ही ती कागदावर काढावी असं मनात आहे. आता निळा नीट दिसतोय ना तुम्हाला.

आई, मी येईपर्यंत ती घासू नकोस.

तुमची
धाकटी